केपची वसाहत दीडशे वर्षे आधी वसली असती तर? तारखेआधी वाऱ्याचा विचार

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देतो आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही एका कादंबरीची आखणी करत आहात. १५१० मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ, म्हणजे केप भागात, टेबल बे या उपसागराच्या किनाऱ्यावर, पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेडा मारला जातो, ही घटना खरी आहे. तुमच्या कथानकात त्याचा सूड म्हणून राजा मानुएल मोठे आरमार पाठवतो आणि तेथे किल्ला व गाव वसवतो. डच लोक प्रत्यक्षात १६५२ मध्ये तेथे उतरले. तुमच्या कथेत तोवर लाखभर युरोपीय तेथे नांदत असतात, सोन्याच्या खाणी चालू असतात आणि पुढे तो सगळा प्रदेश ऑस्ट्रेलियासारखा गोऱ्या बहुसंख्येचा देश होतो. हे पटण्याजोगे आहे का, आणि त्या शहराचे नाव काय असावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत असे की तुमची सुरुवात पटू शकते, मधला भाग फार अवघड आहे आणि शेवट त्या सुरुवातीतून निघत नाही. मी हिंदी महासागरातील व्यापाराचा इतिहास बरीच वर्षे महाविद्यालयात शिकवला आणि दर वर्षी एका तरी तासाला ‘असे झाले असते तर’ हा खेळ मुलांकडून मुद्दाम करून घेतला. त्यातून एक सवय लागली. कोणी तारीख मागे-पुढे करू लागले की मी विचारतो: जहाज तेथे थांबते कशासाठी, थांबलेल्या माणसांना खायला कोण घालते, आणि ती माणसे लग्ने कोणाशी करतात? तारीख कागदावर बदलणे सोपे असते. या तीन गोष्टी बदलायला वारा, पाऊस आणि बाजारभाव यांना हात घालावा लागतो.

प्रथम तुमच्या आल्मेडाकडे पाहू. हा माणूस कोकणाला परका नाही. १५०८ मध्ये चौलजवळच्या लढाईत त्याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला, तेव्हा त्याच वर्षाच्या अखेरीस दीवकडे जाताना त्याने वाटेत दाभोळ लुटून जाळले आणि फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवच्या समुद्रात शत्रूचे आरमार मोडले. पुढे अधिकाराची सूत्रे अल्बुकर्ककडे देऊन तो परतीला निघाला आणि फेब्रुवारी १५१० च्या अखेरीस पाणी भरण्यासाठी टेबल बेमध्ये थांबला. किनाऱ्यावर गुरे पाळणारे खोईखोई लोक होते. त्याच्या माणसांची त्यांच्याशी वस्तीवर काही कुरबुर झाली, आणि अधिकाऱ्यांच्या आग्रहाखातर आल्मेडा पहाटे सुमारे दीडशे माणसे घेऊन त्या वस्तीवर चालून गेला. परतताना लुटलेली गुरे पुढे, तलवार-भालेवाले मागे, पायांखाली भुसभुशीत वाळू, अशी ती फौज किनाऱ्याकडे निघाली. खोईखोईंनी स्वतःच्याच गुरांना शिट्ट्यांनी वळवले, त्यांचा आडोसा केला आणि दगडांचा व लोखंडी टोकाच्या भाल्यांचा मारा सुरू केला. होड्या मूळ जागेवरून हलवलेल्या होत्या. साठाहून अधिक पोर्तुगीज त्या वाळूत पडले, त्यांत कितीतरी कप्तान होते आणि खुद्द आल्मेडाही होता. तो दिवस १ मार्चचा. त्याच सुमारास अल्बुकर्क गोव्यात पहिल्यांदा पाय रोवत होता.

आता तुमच्या कथानकाची मेख येथेच आहे. ज्याने मुलाच्या सुडासाठी दाभोळ जाळले, त्याचा स्वतःचा सूड घ्यायला लिस्बनहून कोणीही आले नाही. याचे कारण भीती होते, असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. भीतीचा भाग असेलही. पण पोर्तुगीज त्याहून मोठे पराभव पचवून त्याच जागी परत गेलेले आपल्याला माहीत आहेत. गोवा १५१० मध्येच त्यांच्या हातून निसटला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी तो पुन्हा घेतला. केपला ते परतले नाहीत, कारण त्यांच्या वेळापत्रकात केपला जागाच नव्हती.

हे वेळापत्रक समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून त्यावर थोडा रेंगाळतो. लिस्बनचा ताफा साधारण मार्च-एप्रिलमध्ये सुटे. तो ब्राझीलच्या बाजूने लांब वळसा घेऊन पश्चिमी वाऱ्यांवर केपच्या दक्षिणेकडून जुलैच्या आसपास पुढे सरके, मोझांबिक बेटावर पाणी आणि अन्न भरून घेई, आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यावर सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागे. दक्षिण गोलार्धात जुलै म्हणजे ऐन हिवाळा, आणि टेबल बेचे तोंड नेमके वायव्येला उघडे आहे, जिकडून हिवाळी वादळे येतात. एकदा मी वर्गात वाऱ्यांचा नकाशा आणि महिन्यांची पट्टी फळ्यावर काढून विचारले की पोर्तुगिजांनी येथे बंदर का केले नसावे. पुस्तके वाचून आलेली मुले आल्मेडाचे नाव घेत होती. हर्णैहून आलेला एक मुलगा मात्र म्हणाला, ‘‘सर, आमच्याकडे आगोट लागली की होड्या वर ओढतात. यांना ऐन तुफानात उघड्या बंदरात नांगर टाकायला कोण सांगेल?’’ त्या तासाला मला वेगळे काही शिकवावे लागले नाही. डचांनीही याची किंमत मोजली: मे १७३७ मध्ये एकाच वादळाने त्यांची बरीच जहाजे टेबल बेमध्ये किनाऱ्यावर आपटली, आणि १७४० च्या दशकापासून हिवाळ्यात त्यांनी पलीकडच्या बाजूचा सायमन्स बे वापरायला घेतला.

परतीच्या प्रवासात, म्हणजे आल्मेडा ज्या हंगामात आला त्या हंगामात, केप थांबण्याजोगे होते हे खरे. पण परतीसाठी पोर्तुगिजांना १५०२ मध्ये सेंट हेलेना बेट सापडलेले होते. तेथे गोडे पाणी होते, त्यांनीच लावलेली फळझाडे आणि सोडलेल्या शेळ्या होत्या, आणि भाला घेऊन अडवणारे कोणी नव्हते. म्हणजे जाताना मोझांबिक, येताना सेंट हेलेना, आणि मधले केप नुसते ओलांडायचे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सोफाळा येथे त्यांनी १५०५ मध्ये किल्ला बांधला, कारण तेथे आतल्या पठारावरून सोने येत होते. केपला मिरी नव्हती, सोने नव्हते, आणि गुरे मिळवायची तर सौदा करावा लागे.

मग डच का थांबले? कारण त्यांचा रस्ता वेगळा झाला. १६११ मध्ये हेंड्रिक ब्राउअर केपवरून उत्तरेला न वळता दक्षिणेच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर सरळ पूर्वेला गेला आणि मग जावाकडे वळला. प्रवासाचे कितीतरी महिने वाचले आणि काही वर्षांतच डच ईस्ट इंडिया कंपनीने हा मार्ग सक्तीचा केला. या मार्गावर मोझांबिक लागत नाही, गोवा लागत नाही, हॉलंड आणि जावा यांच्या मधोमध काही लागत असेल तर ते केप. स्कर्व्हीने हिरड्या सुजलेल्या खलाशांना ताजी भाजी आणि मांस देण्याची सोय दुसरीकडे कोठेच बसत नव्हती. त्यातून १६४७ मध्ये ‘हार्लेम’ जहाज टेबल बेमध्ये फुटले, त्यावरच्या लोकांना सुमारे वर्षभर तेथे राहावे लागले, आणि परतल्यावर त्यांच्यातील दोघांनी कंपनीला लिहून दिले की जमीन चांगली आहे व लोक माणसांसारखे वागवले तर माणसांसारखे वागतात. १६५२ हे साल असे आले.

यातून एक उलटा निष्कर्ष निघतो, आणि माझ्या मते तुमच्या कादंबरीसाठी तो फार कामाचा आहे. डचांनी १६०७ आणि १६०८ अशी दोन वर्षे मोझांबिक बेटावर हल्ले केले आणि दोन्ही वेळा सेंट सेबॅस्टियनच्या किल्ल्याने त्यांना परतवले. तो किल्ला पडला असता तर डचांना आयते बंदर मिळाले असते आणि केपची वसाहत आधी होण्याऐवजी कदाचित आणखी लांबली असती. लोक नेहमी विचारतात की एखादी घटना लवकर कशी घडली असती. पण ज्याला तुम्ही वसाहतीची सुरुवात म्हणता ती बऱ्याचदा दुसरीकडच्या अपयशाची तडजोड असते, हे आपल्या डोळ्यांआड होते.

तरीही समजा मानुएल राजाने हट्टाने किल्ला बांधलाच. तर काय झाले असते? येथे बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मी मान्य करतो. पण अंदाज अगदी हवेतला राहत नाही, कारण पोर्तुगिजांनी शेजारीच, मोझांबिकमधल्या झांबेझी नदीच्या खोऱ्यात, काय केले ते समोर आहे. पोर्तुगालची लोकसंख्या तेव्हा जेमतेम दहा-पंधरा लाखांच्या घरात होती. तेवढ्यातून गोवा, १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ आणि पुढे ब्राझील इतक्या जागी माणसे पुरवायची होती. झांबेझीकडे गेलेल्या पोर्तुगिजांनी ‘प्राझो’ नावाच्या जहागिऱ्या केल्या, स्थानिक घराण्यांशी सोयरिकी केल्या, स्वतःच्या शिबंद्या ठेवल्या, आणि काही पिढ्यांत ते आफ्रिकी सरदारांपासून वेगळे ओळखू येईनासे झाले. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहून चाले, त्यामुळे या जहागिरदारांत गोवेकर घराणीही होती. एकोणिसाव्या शतकात ज्याचा दरारा होता तो ‘गोव्हेया’ ऊर्फ मानुएल आंतोनियो द सोझा मूळचा गोव्याचाच. पोर्तुगीज केपही गोव्याच्याच अखत्यारीत गेले असते. तेथे गोव्याचे कारकून, गोव्याचे पाद्री आणि कदाचित कोंकणी बोलणारे सुतार दिसले असते. हे चित्र तुमच्या ऑस्ट्रेलियापेक्षा मला फार रंगतदार वाटते, पण ते लाखभर गोऱ्यांचे चित्र नाही.

येथे तुमच्या बाजूचा एक मुद्दा मी प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. झांबेझीत हिवतापाने आणि घोड्यांच्या रोगाने फौजा गिळल्या. १५७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे हजार माणसे घेऊन निघालेला फ्रान्सिस्को बारेतो तिथल्या सेना नावाच्या गावीच मेला. केपला हिवताप नाही. आलेली माणसे तगली असती आणि त्यांना मुले झाली असती. डचांच्या काळात हेच झाले: १६५२ मध्ये उतरलेल्या सुमारे नव्वद माणसांच्या तळापासून १७९५ पर्यंत मुक्त युरोपीय वस्ती पंधरा हजारांच्या आसपास गेली. पण दीडशे वर्षांत पंधरा हजार, हे आरोग्यदायी हवा आणि श्रीमंत कंपनी दोन्ही असताना. तुमचा लाखाचा आकडा त्यामुळे मला कोठेच बसवता येत नाही.

पेरणी आणि पाऊस हा दुसरा विषय, आणि मराठी वाचकाला तो चटकन कळेल. केपच्या नैऋत्य कोपऱ्यात पाऊस हिवाळ्यात पडतो. पूर्वेकडे, साधारण फिश नदीच्या पलीकडे, तो उन्हाळ्यात पडतो. आफ्रिकी शेतकऱ्यांची पिके ज्वारी-बाजरीची, म्हणजे उन्हाळी पावसावर वाढणारी. (आपली शाळू येथे आठवू नका, ती परतीच्या पावसाच्या ओलीवर येते, आणि केपला तसा पाऊसच नाही.) त्यामुळे हे शेतकरी केपपर्यंत आले नाहीत आणि तो कोपरा गुरे पाळणाऱ्या खोईखोईंकडे व शिकारी सान लोकांकडे राहिला. गहू आणि द्राक्षे तेथे छान येतात. म्हणजे युरोपीय शेती केपला जमते, पण ज्या रेषेवर तिचा पाऊस संपतो त्याच रेषेवर दाट वस्तीचे, लोखंड वापरणारे, गुरांनी संपन्न समाज सुरू होतात. डच वसाहत वाढत वाढत तेथे पोचली तेव्हा १७७९ पासून शंभर वर्षांत खोसा लोकांशी नऊ युद्धे झाली.

तुमच्या टिपणात एक वाक्य आहे की आतला प्रदेश ‘‘तेव्हा जवळजवळ रिकामाच होता’’. हे कृपया काढून टाका. ही जुनी आणि सोयीस्कर समजूत आहे. गोरे आणि काळे एकाच वेळी दोन बाजूंनी रिकाम्या भूमीत आले, असे शाळेच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षे शिकवले गेले. लिंपोपो नदीच्या दक्षिणेस लोखंड वितळवणारे शेतकरी इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतच पोचले होते, आणि तेराव्या शतकात मापुंगुब्वे हे राज्य सोन्याचा व्यापार करत होते. याचे साक्षीदार स्वतः पोर्तुगीज आहेत. १५५२ मध्ये ‘सांव जुआंव’ हे मिरीने भरलेले गलबत आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या किनाऱ्यावर फुटले. दीवचा माजी कप्तान मानुएल द सोझा सेपुल्वेदा, त्याची बायको दोना लिओनोर, लहान मुले आणि बाकीचे मिळून सुमारे पाचशे लोक उत्तरेकडे चालत निघाले, आणि त्यांतले वीस-पंचवीसच अखेर मोझांबिकला पोचले. या आणि नंतरच्या अशाच पायपिटींच्या हकिकतींत वाटेवरची गावे, मुखिये, गुरांचे कळप आणि धान्याचा सौदा यांची वर्णने आहेत. लोखंडाच्या एका खिळ्याला काय मिळते, याचा हिशेब त्या उपाशी माणसांना तोंडपाठ झाला होता. रिकाम्या भूमीत असा हिशेब करावा लागत नाही.

मक्याचे एक कलम याला जोडून येते. अमेरिकेतून मका आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणण्यात पोर्तुगिजांचा हात होता. केपच्या हिवाळी पावसावर मका येत नाही, पण पूर्वेकडे उत्तम येतो. म्हणजे केपला पोर्तुगीज वसाहत आधी झाली असती तर मका पूर्वेकडच्या समाजांना शतकभर आधी मिळण्याची शक्यता होती, आणि त्यांची संख्या व ताकद वाढली असती. तुमच्या वसाहतीचा पहिला मोठा लाभार्थी तिचा शत्रूच ठरतो. हे वापरले तर कादंबरीला धार येईल.

इथपर्यंतचे एकदा गोळा करतो. १५१० ही तारीख नाट्यमय असली तरी तिच्यामागे थांबण्याचे कारण नाही. पोर्तुगीज थांबले असते तर झांबेझीसारखी मिश्र, लहान आणि गोव्याशी बांधलेली वसाहत झाली असती. आणि पूर्वेकडे वाढायला जागा नव्हती; युरोपीय शेतीला जमणारी जागा फक्त नैऋत्य कोपऱ्यात होती, आणि तेथेही खोईखोई राहत होते.

माझ्या मते आधीच्या वसाहतीसाठी सर्वांत भक्कम पर्याय इंग्रजांचा आहे आणि तो फारसा कोणी वापरत नाही. १६१३ मध्ये इंग्रजांनी कोरी नावाच्या एका खोईखोई माणसाला पकडून लंडनला नेले आणि ईस्ट इंडिया कंपनीचे प्रमुख सर टॉमस स्मिथ यांच्या घरी ठेवले. त्याला पितळी चिलखत दिले, खाऊपिऊ घातले, आणि तो घरी पाठवा म्हणून जमिनीवर लोळण घेई. पुढच्या वर्षी त्याला परत आणून सोडले. तोवर त्याला कळले होते की लंडनमध्ये पितळेला काहीच किंमत नाही. त्यानंतर किनाऱ्यावर एका बैलाच्या बदल्यात जास्त माल मागितला जाऊ लागला. १६१५ मध्ये इंग्रजांनी फाशीची शिक्षा झालेले मोजके कैदी वसाहतीची चाचणी म्हणून केपला उतरवले. ज्या ताफ्यातून सर टॉमस रो जहांगिराच्या दरबाराकडे निघाला होता, त्याच ताफ्यातून ते आले होते. त्यांना लवकरच रॉबेन बेटावर पळ काढावा लागला. आणि १६२० मध्ये अँड्र्यू शिलिंग व हम्फ्रे फिट्झहर्बर्ट या दोन कप्तानांनी टेबल बे राजा जेम्सच्या नावाने ताब्यात घेतल्याचे जाहीर केले. राजाने लक्ष दिले नाही. येथे तुम्हाला आरमार, सूड, काही नको. एका दरबारी माणसाने कागद राजाच्या टेबलावर वर ठेवला एवढे पुरते.

पण इंग्रजांच्या पर्यायातही आकड्यांकडे पाहा. १६२० आणि १६३० च्या दशकांत न्यू इंग्लंडला सुमारे वीस हजार लोक गेले, कारण अटलांटिकचा प्रवास दोन-अडीच महिन्यांचा होता, कुटुंबांना जमीन स्वतःच्या नावावर मिळत होती आणि धर्माचा दाबही होता. केपचा प्रवास चार-पाच महिन्यांचा आणि वाट एकाच कंपनीच्या मक्त्यातली. कंपनीला शेतकरी नको असतात, तिला स्वस्त मांस हवे असते. डच कंपनीने १६५२ च्या तळाचा प्रमुख व्हॅन रीबेक याला हेच सांगितले होते: भाजी लाव, गुरे विकत घे, वसाहत वाढवू नकोस. पण खोईखोई आपली दुभती आणि पैदाशीची जनावरे विकायला तयार नव्हते. म्हातारी, लंगडी तेवढी आणत. मांस कमी पडले, म्हणून १६५७ मध्ये कंपनीने नऊ नोकरांना मोकळे करून लिस्बीक नदीकाठी जमिनी दिल्या. त्या जमिनी खोईखोईंच्या चराऊ कुरणांच्या होत्या. दोन वर्षांत लढाई लागली. डोमन नावाचा खोईखोई पुढारी जावातले डचांचे मुख्य ठाणे बटाव्हिया पाहून आलेला होता आणि त्याला ठाऊक होते की तोड्याची बंदूक पावसात पेट घेत नाही. म्हणून हल्ले पावसाच्या दिवशी होत. १६६० च्या वाटाघाटींत खोईखोईंनी व्हॅन रीबेकला विचारले की आम्ही हॉलंडला येऊन असे केले असते तर चालले असते का, आणि त्याने हे स्वतःच्या रोजनिशीत नोंदवून ठेवले. मग त्याने कडू बदामाचे कुंपण लावले. त्याचे अवशेष आजही कर्स्टनबॉशच्या बागेत आहेत.

बंदुकीचा हा मुद्दा तुमच्या तारखेला थेट लागतो. १५१० मध्ये पोर्तुगिजांकडे आरमारी तोफा जबरदस्त होत्या, पण किनाऱ्यापासून तोफेच्या माऱ्याबाहेर गेले की त्यांची शस्त्रे भाला, तलवार आणि चापाचे धनुष्य अशीच होती. चकमकीची बंदूक आणि घोडा ही जोडी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, तेव्हा तोल बदलला. आणि त्याहून मोठा घाव बंदुकीचा नव्हताच. १७१३ मध्ये परतीच्या एका जहाजावरचे कपडे धुण्यासाठी केपटाऊनच्या गुलामखान्यात आणले गेले आणि त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. तिने खोईखोईंच्या वस्त्यांच्या वस्त्या ओस पाडल्या. तुमच्या वसाहतीत देवी कधी येते हे तुम्हाला ठरवावे लागेल, आणि ते खरोखर दैवाधीन आहे: लांबच्या प्रवासात साथ बहुधा समुद्रावरच विझते, पण वर्षाला वीस-तीस जहाजे थांबू लागली की एखादे गाठोडे कधीतरी उतरतेच. देवी लवकर आली तर खोईखोई लवकर मोडतात. उशिरा आली तर ते घोडा आणि बंदूक शिकून घेतात.

सोन्याचे काय? दक्षिण आफ्रिकेच्या आतल्या भागातल्या विटवाटर्सरांड डोंगररांगेतले सोने १८८६ मध्ये उघडकीस आले ते कोणी आधी गेले नाही म्हणून, असे तुम्ही धरले आहे. ते सोने खडकात इतके विरळ आहे की खोल खाणी, वाफेची यंत्रे आणि १८८७ मध्ये शोधलेली सायनाइडची प्रक्रिया यांशिवाय ते परवडत नाही. केपचा डच प्रमुख सायमन व्हॅन डर स्टेल १६८५ मध्ये उत्तरेकडच्या नामाक्वालँडच्या तांब्यापर्यंत पोचला, खणूनही पाहिले, आणि वाहतूक अशक्य म्हणून परत आला; ती खाण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चालू झाली. तुमच्या सतराव्या शतकातल्या खाणी त्यामुळे गाळाव्या लागतील. ऑरेंज नदीच्या वाळूतला एखादा हिरा मात्र कोणाला लवकर सापडू शकतो.

राहिली गोऱ्या बहुसंख्येची गोष्ट. ती तुम्हाला हवीच असेल तर तारीख मागे नेऊ नका, पुढे आणा, १७१७ ला. त्या वर्षी कंपनीने केपच्या मंडळाला विचारले की युरोपीय मजूर आणावेत की गुलाम. एका सभासदाने, गव्हर्नरचा भाऊ कॅप्टन डॉमिनिक द शावोन याने, युरोपीय मजुरांच्या बाजूने मत दिले. बाकी सर्वांनी गुलाम स्वस्त म्हणून त्यांची बाजू घेतली. १६५२ ते १८०८ दरम्यान सुमारे त्रेसष्ट हजार गुलाम केपला आणले गेले, त्यांतले जवळपास पाव हिंदुस्थानातले होते; बंगालची आन्सेला ही त्यांच्यापैकीच, जी मुक्त होऊन पुढे एका युरोपीय माणसाची रीतसर बायको झाली. मंडळाचा तो निर्णय फिरला असता तर कोपऱ्यातली वसाहत अधिक युरोपीय झाली असती. फिश नदीपलीकडे तरीही नाही. ऑस्ट्रेलियात १७८८ नंतर ऐंशी वर्षांत सुमारे १ लाख ६० हजार कैदी सरकारी खर्चाने पोचवले गेले. तसा पुरवठा सोळाव्या-सतराव्या शतकातले कोणतेही राज्य करू शकत नव्हते.

तुम्ही पोर्तुगीज पर्यायच ठेवणार असाल तर मी एवढे सुचवेन की सुडाचे आरमार काढून टाका आणि त्याऐवजी सेंट हेलेनाचे झरे किंवा मोझांबिकचा किल्ला त्यांच्या हातून घालवा. १६०८ मध्ये मोझांबिक पडते, गोव्याला रसद तुटण्याची भीती वाटते आणि गोव्याचा कारभारी नाइलाजाने केपच्या पलीकडच्या, हिवाळ्यात सुरक्षित अशा उपसागरात शंभर माणसांचा तळ टाकतो, ही सुरुवात मी विद्यार्थ्याकडून विनातक्रार मान्य केली असती. त्या तळावर गुरे कोण आणून देते आणि कशाच्या बदल्यात, यावर पहिली तीन प्रकरणे सहज निघतील.

नावाबद्दल. १५०३ मध्ये आंतोनियो द साल्दान्या टेबल बेमध्ये शिरला होता, म्हणून पोर्तुगीज त्या जागेला ‘आग्वाद द साल्दान्या’ म्हणत. आग्वाद म्हणजे जहाजांनी पाणी भरण्याची जागा. गोव्याच्या मांडवीच्या मुखावर १६१२ मध्ये बांधलेल्या किल्ल्याचे नाव याच अर्थाने पडले आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ते ओळखीचे वाटेल. इंग्रजांचा पर्याय घेतलात तर नाव शोधायची गरजच नाही. शिलिंग आणि फिट्झहर्बर्ट यांनी तिथल्या टेकडीला राजा जेम्सचे नाव देऊन ठेवले होते, तेच गावाला द्या.